‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, पण लेखी म्हणा : अभिनय करणाऱ्या पोलिसांच्या अर्जांविषयी खुले पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : सेवेत राहून नाटक, मालिका, चित्रपटात काम करू इच्छिणाऱ्या पोलीस अधिकारी व अंमलदारांच्या अर्जांवर मुदतीत लेखी निर्णय मिळण्याबाबत

महोदय,

खरं तर हे पत्र सेवेतल्या एखाद्या हवालदाराने किंवा उपनिरीक्षकाने लिहायला हवं. त्यांना ते लिहिता येत नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा आणि १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम यांमुळे वर्दीतल्या माणसाला खात्याच्या कारभारावर जाहीर बोलता येत नाही. हे बंधन का आहे, ते आम्हाला समजतं. म्हणून त्यांच्या वतीने आम्ही लिहितो आहोत. आमच्यात दलातून निवृत्त झालेले आहेत, तसेच पोलीस नटांसोबत तालमी करणारे, प्रयोग लावणारे आणि शूटिंगचं वेळापत्रक आखणारेही आहेत. पोलीस नट अर्ज करतो, तेव्हा मजकूर जुळवायला आम्ही शेजारी बसतो. उत्तर येत नाही, तेव्हा प्रयोग आमचा अडतो.

परवानगी नाकारली, तर भूमिका दुसऱ्याला देता येते. आठ दिवसांत ‘नाही’ आलं तर तालमीचं नुकसानही होत नाही. उत्तरच आलं नाही, तर नटाला भूमिका सोडता येत नाही आणि धरताही येत नाही. संच ताटकळतो. प्रयोग आठवड्यावर आला की कुणीतरी तोंडी सांगतं, ‘करून टाक, साहेब काही बोलणार नाहीत.’ पुढे हेच वाक्य त्या पोलिसाला महागात पडतं, कारण चौकशीत ते कुणाच्याच आठवणीत नसतं.

आधी नियमाबद्दल. नियम मुळात कलेच्या आड येणारा नाही. वर्तणूक नियमांत खाजगी व्यापार आणि नोकरीला पूर्वमंजुरीशिवाय मनाई आहे. पण साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं प्रासंगिक काम करण्याची मोकळीक त्याच ठिकाणी दिली आहे. दोन अटी आहेत. सरकारी कामात बाधा येता कामा नये, आणि शासनाने थांबायला सांगितलं की थांबायचं. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही अशीच तरतूद आहे. म्हणजे पोलीस अधीक्षक आणि त्यांच्या हाताखालचा शिपाई या दोघांनाही कलेचं दार अर्धं उघडंच आहे. अडचण ‘प्रासंगिक’ या एका शब्दाची आहे. वर्षातून एकदा स्पर्धेचा प्रयोग करणं प्रासंगिक, याबद्दल कुणाचा वाद नाही. पण त्याच नाटकाचे पंचवीस प्रयोग झाले तर? मालिकेत महिन्यातून चार दिवसांचं काम असेल तर? मानधन घेतलं की काम प्रासंगिक राहतं की ती दुसरी नोकरी ठरते? या प्रश्नांची उत्तरं ठाण्यागणिक बदलतात. वरिष्ठ निरीक्षक बदलले की एकाच ठाण्यातही बदलतात. एका साहेबांनी कौतुकाने सोडलेल्या माणसाला पुढच्या साहेबांकडून त्याच कामासाठी कारणे दाखवा नोटीस मिळते. नियम तोच असतो, त्याचा अर्थ लावणारा माणूस बदललेला असतो.

आता अर्जाचा प्रवास पाहा. ‘योग्य मार्गाने’ जायचं, म्हणजे अर्ज आधी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्यायचा. आयुक्तालय असेल तर तिथून सहायक आयुक्त आणि मग उपायुक्त. जिल्हा असेल तर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि मग अधीक्षक कार्यालय. प्रत्येक टेबलावर ‘अभिप्रायासह सादर’ असा शेरा लागतो. अभिप्राय कशावर द्यायचा, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. मग कुणी विचारतं, नाटकात पोलिसांची बदनामी आहे का? कुणी विचारतं, पैसे किती मिळणार? कुणी विचारतं, याआधी असं कोणाला दिलं आहे का? प्रत्येक प्रश्न योग्यच आहे. पण तो वेगवेगळ्या टेबलावर, वेगवेगळ्या वेळी विचारला जातो, आणि दर वेळी अर्ज त्रुटी काढून पहिल्या पायरीवर परत येतो. तोवर स्पर्धेची तारीख उलटून गेलेली असते.

या दिरंगाईला कायद्यात जागा नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब यांविषयीचा २००५ चा कायदा आपलाच आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये, दुसऱ्या विभागाकडे जाण्याची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत आणि गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं त्याचं कलम १० सांगतं. पोलीस नटाचा अर्ज दुसऱ्या विभागाकडे जाण्याचं बहुतेक वेळा काही कारण नसतं. आम्ही ४५ दिवसही मागत नाही. किती मागतो, ते पुढे लिहिलं आहे.

‘पोलीस चोवीस तास ड्युटीवर’ हे उत्तर आम्हाला नेहमी ऐकायला मिळतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २८ नुसार पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं, हे खरं आहे. त्याचा अर्थ तो केव्हाही बोलावता आला पाहिजे. त्याने मोकळ्या वेळात काय करावं, हे ते कलम ठरवत नाही. साप्ताहिक सुट्टी खातंच देतं. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यापासून खात्यानेच सुरू केला. नैमित्तिक रजा २०२२ मध्ये १२ वरून २० दिवसांवर शासनानेच नेली. पोलिसाला घरच्यांसाठी, झोपेसाठी, स्वतःसाठी वेळ हवा, हे मान्य झाल्यावरच हे निर्णय झाले. त्या वेळात कुणी शेती बघतो, कुणी मुलांचा अभ्यास घेतो, कुणी तालमीला जातो. यांपैकी तालमीलाच परवानगी लागते. ती लागू दे, आमची हरकत नाही. पण लागत असेल, तर देणाऱ्यानेही ती वेळेत द्यावी किंवा नाकारावी.

अभिनयाचं काम एकाच प्रकारचं नसतं. खात्याकडून इथेच सर्वांत मोठी गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हौशी नाटकाचा बोजा सर्वांत कमी असतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी साधारण तीस ते चाळीस दिवस संध्याकाळी दोन-तीन तास तालीम होते. शेवटच्या आठवड्यात दोन रंगीत तालमी आणि मग एक प्रयोग. मानधन नसतंच, उलट नाटकाच्या खर्चात नट पदरचे पैसे घालतात. पोलीस नटाला यात रजेचे फार तर तीन-चार दिवस लागतात. बाकी सगळं ड्युटीच्या वेळा ठाऊक असण्यावर अवलंबून आहे. आठवड्याची ड्युटी आधी कळली, तर दिग्दर्शक त्याचे प्रवेश त्याच्या मोकळ्या दिवशी बसवतो. रात्रपाळी असेल तर दुपारी तालीम ठेवतो. ड्युटी आदल्या रात्री कळली, की सगळा संच कोलमडतो.

व्यावसायिक नाटकाचं गणित वेगळं आहे. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी, दुपारी किंवा रात्री लागतात, आणि दौरा निघाला की सलग चार-पाच दिवस बाहेरगावी जावं लागतं. पोलिसांचा बंदोबस्तही सुट्टीच्या दिवशी आणि सणासुदीलाच वाढतो. त्यामुळे व्यावसायिक नाटकात पोलीस नट घ्यायचा, तर त्याच्या भूमिकेसाठी दुसरा नट तयार ठेवावाच लागतो. हा खर्च आणि ही जबाबदारी निर्मात्याची. दुसरा नट तयार असल्याचं निर्मात्याने लिहून दिल्याशिवाय खात्याने परवानगी देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दैनंदिन मालिका हा सर्वांत अवघड प्रकार. बारा-तेरा तासांची शिफ्ट असते आणि उद्या किती वाजता यायचं, ते आदल्या रात्री कळतं. शिवाय ‘कंटिन्युइटी’ असते. एक प्रवेश सोमवारी अर्धा चित्रित झाला, तर उरलेला अर्धा गुरुवारी करताना शर्ट, केस, दाढी, कपाळावरची जखम सगळं तसंच लागतं. मधल्या दोन दिवसांत परेडसाठी केस कापले, तर प्रेक्षकाला तो फरक लगेच दिसतो. नट बंदोबस्ताला गेला म्हणून न आल्यास वीस-पंचवीस माणसांचा दिवस वाया जातो आणि पुढच्या वेळी कुणी त्याला बोलवत नाही. तेव्हा मालिकेतली रोजची प्रमुख भूमिका आणि पोलिसाची पूर्ण वेळ नोकरी एकत्र चालत नाही, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो. तसा अर्ज आला तर नकार द्यावा किंवा बिनपगारी रजेचा पर्याय द्यावा. पण महिन्यातून दोन-चार दिवसांची, आधी तारखा ठरलेली छोटी भूमिका त्याच मापाने मोजू नये. चित्रपटातलं पाच-सहा दिवसांचं काम तर अर्जित रजेत सहज बसतं.

जाहिराती या यादीत आम्ही धरलेल्या नाहीत. वस्तू विकण्यासाठी पोलिसाचा चेहरा वापरणं हे कलात्मक काम नव्हे. त्याला सरसकट मनाई असावी.

लेखी उत्तर न मिळाल्यामुळे जे घडतं, ते खात्याला ठाऊक आहे, पण कागदावर येत नाही. अर्ज अडकला की काही जण सिकमध्ये, म्हणजे आजारपणाच्या रजेवर, जातात आणि शूटिंग करतात. काही जण साप्ताहिक सुट्टी सहकाऱ्याशी परस्पर बदलतात आणि त्याची नोंद कुठे होत नाही. भाग प्रसारित होतो, त्याची क्लिप कुणीतरी वरिष्ठांच्या मोबाइलवर पाठवतं, आणि विभागीय चौकशी सुरू होते. दोषारोप अभिनयाचा नसतो. खोटं आजारपण दाखवल्याचा, विनापरवाना गैरहजर राहिल्याचा असतो, आणि तो सिद्ध होतो, कारण तो खराच असतो. अशा माणसाची बाजू आम्ही घेत नाही. खोटं बोलून काम करणं चूकच. पण त्याने दोन महिन्यांपूर्वी खरं लिहून दिलेला अर्ज त्याच कार्यालयात आवक क्रमांकासह पडून असतो, हेही चौकशी अधिकाऱ्याने पाहावं.

आणखी काही गुंते आहेत. ते वेळीच सोडवले नाहीत, तर प्रामाणिक माणूसही त्यांत अडकतो.

संघटनेचं सभासदत्व हा पहिला. मालिका-चित्रपटांच्या सेटवर कलाकाराकडे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचं, म्हणजे ‘सिंटा’चं कार्ड मागितलं जातं. ती नोंदणीकृत कामगार संघटना आहे. १९६६ च्या कायद्याप्रमाणे पोलिसाला स्पष्ट मंजुरीशिवाय कोणत्याही कामगार संघटनेचा सभासद होता येत नाही. खात्याने अभिनयाला परवानगी दिली आणि सभासदत्वाबद्दल काहीच म्हटलं नाही, तर तो नट कायदेशीर परवानगी खिशात ठेवून कायदा मोडतो. त्याच कायद्यात निव्वळ साहित्यिक, कलात्मक स्वरूपाच्या प्रकाशनाला सूट आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात कलेबद्दल आकस नव्हता, हे त्यावरून दिसतं. तेव्हा परवानगीपत्रातच एक ओळ हवी : सभासदत्वाला मंजुरी आहे किंवा नाही. नसेल, तर त्या नटाला कार्डाशिवाय काम करू द्यावं, असं पत्र खात्याने संघटनेला द्यावं.

दुसरा गुंता वर्दीचा. पोलीस नटाला हमखास पोलिसाचीच भूमिका मिळते, आणि कपडेपटवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमचीच वर्दी आणाल का?’ आणू नये. सरकारी वर्दी, बेल्ट, टोपी, नावाची पट्टी, बक्कल नंबर यांतलं काहीही सेटवर जाता कामा नये. कपडेपटाची वर्दी वापरावी, तिच्यावरचं नाव काल्पनिक असावं, आणि शूटिंगच्या जागेबाहेर ती अंगावर नसावी. सरकारी पिस्तुल ठाण्यात जमा करून त्याची नोंद झाल्याशिवाय नटाने सेटवर पाऊल ठेवू नये. खोट्या बंदुकांच्या गर्दीत खरं हत्यार असणं किती धोक्याचं आहे, ते आम्ही खात्याला सांगायची गरज नाही.

पोलीस नट सेटवर असण्याचा फायदा मात्र इथेच दिसतो. निरीक्षकाच्या खांद्यावर तीन तारे आणि लाल-निळी फीत असते, उपअधीक्षकाच्या तीन ताऱ्यांखाली फीत नसते. पडद्यावर हे सर्रास चुकतं. डोक्यावर टोपी नसताना हाताने सॅल्यूट करणारे हवालदार आपण रोज पाहतो. पंच नसलेला पंचनामा पाहतो. माहीतगार माणूस समोर असेल, तर या चुका कॅमेरा सुरू होण्याआधीच दुरुस्त होतात, आणि लोकांपर्यंत खात्याचं खरं कामकाज पोचतं.

तिसरी गोष्ट केस-दाढीची. ती किरकोळ वाटते, पण भूमिका याच कारणाने हातची जाते. परवानगीशिवाय पोलिसाला दाढी ठेवता येत नाही. शेतकरी, फकीर, कैदी अशा भूमिकांसाठी दिग्दर्शकाला दाढी हवी असते. नाटकात चिकटवलेली दाढी चालते, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. कॅमेरा जवळ आला की गमाची कड दिसते. एवढ्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा मार्ग, वेगळी वाट पाहणं नको. मूळ परवानगीतच ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असा उल्लेख पुरेसा आहे.

चौथी गोष्ट फोनची. पोलिसाला केव्हाही बोलावता आलं पाहिजे, आणि नाटकात नटाचा फोन बंद हवा. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. आमच्याकडची पद्धत अशी : नटाचा फोन विंगेत प्रॉम्प्टरच्या शेजारी टेबलावर, आवाज बंद करून, स्क्रीन वर दिसेल असा ठेवतात. प्रॉम्प्टरला फक्त दोन नंबर ओळखता यायला हवेत, ठाण्याचा आणि नियंत्रण कक्षाचा. त्यांपैकी एक चमकला, की तो फोन उचलून ‘प्रवेश सुरू आहे, सात मिनिटांत फोन करतील’ असं सांगतो आणि त्या प्रवेशानंतर नट विंगेत येताच फोन त्याच्या हातात देतो. नटाचा परतीचा मार्ग आणि वाहन आधीच ठरलेलं असतं. खात्याने परवानगी देताना अर्जदाराकडून असा पर्यायी संपर्क क्रमांक लिहून घ्यावा. ‘स्टँड टू’चा, म्हणजे तातडीने सज्ज राहण्याचा, निरोप आला आणि माणूस सापडला नाही, ही खात्याची सर्वांत रास्त भीती आहे. ती अशीच घालवता येते.

पैशाबद्दल फार लिहायची गरज नाही. मानधन बँकेतूनच यावं, रोख घेऊच नये. छोटे निर्माते रोख देऊ पाहतात. पोलिसाच्या हातात रोख रक्कम, तीही ज्याचं काम त्याच ठाण्याच्या हद्दीत चालतं अशा माणसाकडून, म्हणजे उद्याच्या तक्रारीला आजच निमंत्रण. बँकेतून येणाऱ्या, ठरावीक मर्यादेवरच्या व्यावसायिक शुल्कातून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि त्याची नोंद आयकर खात्याकडे राहते, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरत नाही. मालिकांचे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, म्हणून परवानगीच्या मुदतीनंतर जमा झालेली रक्कमही त्याच कामाची धरावी. मानधनाचा काही भाग सरकारजमा करायचा असेल, तर जरूर करा. केंद्र सरकारच्या नियमांत ठरावीक मर्यादेवरच्या शुल्काचा एक तृतीयांश हिस्सा सरकारजमा करण्याची पद्धत आहेच. फक्त किती आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायचा, हे आधी सांगा.

हितसंबंधांचा प्रश्न याहून गंभीर आहे. रस्त्यावर चित्रीकरण करायचं, तर निर्मात्याला पोलिसांची ना-हरकत लागते. बंदोबस्त लागला, तर तोही पोलिसांकडूनच. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने परवानगी मिळते, त्यालाच निर्मात्याने भूमिका देऊ केली, तर ती भूमिका आहे की मोबदला, हे कुणी ठरवायचं? आमच्या मते नियम सरळ हवा. ज्या निर्मात्याचा अर्ज, गुन्हा किंवा तपास आपल्या ठाण्यात किंवा शाखेत चालू आहे, त्याचं काम घ्यायचं नाही. काम चालू असताना असा संबंध निर्माण झाला, तर तीन दिवसांत वरिष्ठांना कळवायचं. राजकीय प्रचाराच्या कामालाही हेच लागू करा.

समाजमाध्यमांचाही विचार व्हावा. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी शासन निर्णय काढला आहे. आजकाल कलाकाराच्या करारातच अमुक पोस्ट टाकण्याची अट असते. पोलीस नटाने ती अट काढून घ्यावी, आणि खात्याने परवानगीपत्रात तसं नमूद करावं. निर्मात्यापुढे नटापेक्षा खात्याचं पत्र जास्त वजनदार ठरतं.

या सगळ्याला खात्यात पूर्वीची उदाहरणं नाहीत, असं नाही. खेळाडूंसाठी पोलीस दलात भरतीपासून आरक्षण आहे. सराव आणि स्पर्धांसाठी त्यांना सवलत मिळते. पोलिसांचा बँड आहे. मुंबई पोलिसांच्या ‘उमंग’ या कार्यक्रमाच्या मंचावर दलातले कलाकार येतात, तेव्हा समोर बसलेले वरिष्ठ टाळ्या वाजवतात. इतर राज्यांतही दाखले आहेत. मध्य प्रदेश केडरच्या आयपीएस अधिकारी सिमाला प्रसाद यांनी सेवेत असताना ‘अलिफ’ (२०१७) आणि ‘नक्काश’ (२०१९) या चित्रपटांत काम केलं. केरळ पोलिसांतले सिबी थॉमस यांनी सेवेत असताना २०१७ च्या एका मल्याळम चित्रपटात पोलिसाचीच भूमिका केली. आपल्याकडे मात्र आठवतं ते कुलभूषण पंडित यांचं नाव. मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक असलेले पंडित नोकरी सोडून पडद्यावर गेले आणि राज कुमार झाले. नोकरी किंवा अभिनय यांतलं एकच निवडायला लावणं सत्तर वर्षांपूर्वी समजण्यासारखं होतं. आजच्या हवालदाराच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, आणि त्याला राज कुमार व्हायचं नाही. वर्षाकाठी एक नाटक आणि जमलं तर एका चित्रपटात चार दिवसांचं काम, एवढीच त्याची इच्छा आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. सर्व आयुक्तालयं आणि जिल्ह्यांना लागू होईल असं एकच परिपत्रक काढा आणि त्यात ‘प्रासंगिक’ची मोजता येईल अशी व्याख्या द्या. आमची सूचना : वर्षात मानधनाशिवायचे २० प्रयोग आणि मानधनाचे १५ दिवस. आकडा तुम्हाला वेगळा योग्य वाटला तर तो ठेवा, पण आकडा ठेवा.

२. अर्जाचा एकच नमुना असू द्या. त्यात भूमिकेचा सारांश, तारखा, निर्मात्याचं पत्र, मानधन, वर्दी आहे का, दाढी-केसांची गरज, पर्यायी संपर्क क्रमांक आणि हितसंबंध नसल्याचं हमीपत्र एकदाच जोडलं जाईल. नाटकाच्या बाबतीत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडल्यावर आशयाबद्दल पुन्हा चौकशी नको. संहिता राज्य शासनाच्याच मंडळाने वाचलेली असते.

३. निर्णयाचा अधिकार एकाच टप्प्यावर ठेवा : आयुक्तालयात उपायुक्त, जिल्ह्यात अधीक्षक. हौशी, विनामानधन प्रयोगासाठी तो ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला द्या. मुदत हौशी कामासाठी ७ दिवस, इतरांसाठी २१ दिवस. नकार द्यायचा तर कारण लिहून द्या. मुदतीत उत्तर न आल्यास हौशी प्रयोगापुरती परवानगी मिळाली असं मानलं जावं. मानधनाच्या कामाला ही सवलत आम्ही मागत नाही.

४. परवानगी असलेल्या दिवसांची ड्युटी किमान आठवडाभर आधी कळवा. गणेशोत्सव, आषाढी वारी, सहा डिसेंबर, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, एकतीस डिसेंबर, निवडणुका या काळात परवानगी आपोआप स्थगित राहील, असं परिपत्रकातच लिहा. त्याने कुणाचा गैरसमज होणार नाही आणि निर्मातेही तारखा तशाच धरतील. न्यायालयात साक्षीचं समन्स आलं, तर ते प्रयोगाच्या आधी, हे वेगळं सांगायला नकोच.

५. परवानगी घेऊन काम करणाऱ्याच्या गोपनीय अहवालात ‘खाजगी कामात लक्ष’ असा शेरा केवळ त्या कारणाने येऊ नये. तपास रेंगाळला, गुन्हे प्रलंबित राहिले, हजेरी घसरली तर जरूर लिहा, परवानगीही काढून घ्या. पण मोजमाप कामाचं करा.

६. महिला अंमलदारांच्या अर्जांवर ‘घर, ड्युटी आणि वर हे कसं जमणार’ अशा तोंडी शेऱ्यांनी निर्णय होतात. नमुना अर्जात नसलेला प्रश्न त्यांनाही विचारला जाऊ नये.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते. त्यासाठी संहिता ऑगस्टच्या आसपास ठरते आणि गणपतीचा बंदोबस्त उतरला की तालमी सुरू होतात. परिपत्रक जुलैअखेर निघालं, तर यंदा अर्ज करणाऱ्यांना पहिली घंटा होण्याआधी हातात कागद मिळेल. मसुदा तयार करताना ड्युटीचा तक्ता आणि तालमीचा तक्ता शेजारी ठेवून बसायची गरज पडली, तर बोलावा. आमच्यातले निवृत्त सहकारी दोन्ही तक्ते लिहू शकतात.

आपले,
पोलीस दलातील काही निवृत्त अधिकारी व अंमलदार,
आणि त्यांच्यासोबत काम करणारे रंगकर्मी